आघातजन्य मेंदू-इजा आणि स्त्री : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
औरंगाबादहून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या मार्गावर पडेगाव वसले आहे. नजीकच्या वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकी हे या परिसराचे कौटुंबिक वाहन बनले. त्या वाहनावर स्त्री प्रामुख्याने मागील आसनावर, एका बाजूला पाय सोडून बसत आली. प्रस्तुत लेखात तिच्या डोक्याला होणाऱ्या इजेची दखल वैद्यकाने व कायद्याने कशी घेतली, याचा शोध घेतला आहे.

विवेचन :
मेंदू-इजेच्या वैद्यकीय इतिहासातील नायक पुरुषच आहेत. १८४८ मध्ये अमेरिकेत ज्याच्या कवटीतून लोखंडी कांब आरपार गेली तो फिनिअस गेज रेल्वेबांधणीवरील मुकादम होता. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड यांनी वारंवारच्या ठोशांनी मेंदूवर होणारे परिणाम वर्णिले, ते मुष्टियोद्ध्यांच्या संदर्भात. जगभर अशा रुग्णांत पुरुषांची संख्या अधिक असते हे खरे. परंतु पुरुषाचा मेंदू हाच प्रमाण मानला जाण्यास तेवढे कारण पुरेसे नव्हते. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या चेतापेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मादी-पेशींचे अक्षतंतू अधिक बारीक व त्यांतील सूक्ष्मनलिका कमी आढळल्या. समान ताणाखाली ते अधिक तुटले. याउलट, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मेंदूचे रक्षण करते ही प्राण्यांवरील प्रयोगांतून निर्माण झालेली आशा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या मानवी चाचण्यांत फोल ठरली. म्हणजेच जैविक भेद आहे, पण त्याचे स्पष्टीकरण एका संप्रेरकाने होत नाही.

कायद्याचा इतिहास अधिक बोलका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागील स्वारासाठी पकड व पाय ठेवण्याची सोय असावी, तसेच वस्त्र अडकू नये म्हणून मागचे चाक निम्मे झाकलेले असावे. पदराची काळजी अशी घेतली गेली! डोक्यासाठी १९८८ च्या अधिनियमाचे कलम १२९ मागील स्वारालाही लागू होते. मात्र अपवाद करण्याचा अधिकार राज्यांना होता. दिल्लीत १९९९ मध्ये स्त्रियांना शिरस्त्राण ऐच्छिक करण्यात आले. ही सवलत २०१४ पर्यंत टिकली. सवलत म्हणून जे दिले गेले ते वस्तुतः असुरक्षितताच होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रस्त्याहून दुर्लक्षित क्षेत्र घराचे आहे. मार्टलँड यांच्यानंतर तब्बल सहा दशकांनी, १९९० मध्ये, 'लॅन्सेट' या नियतकालिकात मारहाण सोसलेल्या एका पत्नीच्या स्मृतिभ्रंशाची नोंद आली. मुष्टियोद्ध्यांचा आजार तिच्या मेंदूत आढळला होता. महाराष्ट्रात २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका व 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले. 'पडले' एवढेच सांगणाऱ्या स्त्रीला अधिक विचारण्याची जबाबदारी त्यामुळे रुग्णालयाकडे आली. २००६ च्या कौटुंबिक हिंसाचार नियमांतील माहितीपत्रकात थप्पड, ठोसा, लाथ, ढकलणे असे प्रकार नावानिशी दिलेले आहेत. त्या यादीत शुद्ध हरपल्याचा उल्लेख नाही.