रुडकीचा इंजिनियर, इंदूरचं हापिस आणि काचेवरची माणसं

गेली तीन वर्षं मी दर विकांताला लोकांचे फोटो काढतोय. लग्नाबिग्नाचे नाहीत, एकेका माणसाला समोर बसवून काढलेले. मराठीत याला व्यक्तिचित्रण म्हणायला गेलं की पु.लं.ची आठवण येते आणि आपण गप्प बसतो. तेव्हा पोर्ट्रेटच म्हणू. तर हे ऐकलं की समोरचा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला विचारतो, "मग नोकरी कधी सोडतोयस?" टीममधले दोघे-तिघे तर अशा नजरेने बघतात की जणू मी त्यांच्याही वतीने राजीनामा देणार आहे. घरी आईला नेमकी उलटी काळजी. आणि मला दोन्ही. घराचा हप्ता अजून बरीच वर्षं आहे.

या प्रश्नावर 'पॅशन फॉलो कर' छापाची पुस्तकं ढिगाने मिळतात. मी इतिहास वाचायला घेतला, आणि एक गंमत लक्षात आली. भारतातल्या फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात डोकावलं तर जिकडेतिकडे नोकरदारच दिसतात.

आपल्या मुंबईचंच घ्या. तिथे १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यातले नारायण दाजी म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ, स्वतःही डॉक्टर. विल्यम जॉन्सन सरकारी नोकरीत होता. या जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढून १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. माणसं एकीकडे बसवून टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, आणि मग दोन्ही जोडलेलं. फोटोशॉप यायच्या सव्वाशे वर्षं आधी!

पण ज्या माणसाने मला खरं धरून ठेवलं तो मुंबईचा नव्हे. लाला दीनदयाल. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात, म्हणजे आजच्या आयआयटी रुडकीत. १८६६ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. थोडक्यात, आपल्यासारखा इंजिनियर, टेबलाशी बसून इतरांच्या इमारतींची मापं आणि खर्च काढणारा. आठ वर्षं हे काम केल्यावर १८७४ च्या सुमारास, तिशीला टेकलेले असताना, त्यांनी कॅमेरा हातात घेतला.

आता हा छंद त्या काळी किती गैरसोयीचा होता ते बघा. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कलोडियन ओतायचं, अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत पळत जाऊन डेव्हलप करायची. हातात वेळ मोजून काही मिनिटं. कलोडियनमध्ये इथर असतं आणि इथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं. इंदूरचा मे महिना डोळ्यासमोर आणा, म्हणजे काय होत असेल ते कळेल. समोरच्या माणसाला काही सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागे, मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आकडा. वर त्या काचेला निळा रंगच काय तो नीट दिसायचा. लाल पगडी काळी यायची, निळं आभाळ पांढरंफटक. छापायचा तर फोटो काचेएवढाच होणार, आणि तोही उन्हात ठेवून. जुन्या फोटोंतली माणसं हसत का नाहीत, याची बरीचशी कारणं मला तरी या आकड्यात आणि सेकंदांत दिसतात.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बिल्ड, टेस्ट आणि डिप्लॉय दहा मिनिटांत, रोलबॅक नाही. असल्या गोष्टीत 'थोडंसं करून बघू' चालत नाही. हात सवयीचा होईपर्यंत काचा वाया घालवाव्या लागतात, आणि काचेला, चांदीला पैसे पडतात. इथे पगार कामाला येतो. पगार चालू असला की वाईट फोटो काढायची मुभा असते. हे मला माझ्या विकांतांवरूनही पटतं: गिऱ्हाईक नाही, त्यामुळे एकाच खिडकीशी एकाच मित्राला तास-तासभर बसवून उजेड कुठून कसा पडतो ते बघता येतं. धंदा असता तर तो मित्र केव्हाच उठून गेला असता. (तसा तो कुरकुरतोच.)

दुसरं म्हणजे ओळखी. इंदूर होळकरांचं. दुसऱ्या तुकोजीरावांनी दीनदयालना उत्तेजन दिलं. गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातले एजंट सर हेन्री डेली यांच्यापर्यंतही ते पोचले. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आला तेव्हा त्याचे फोटो काढायची संधी मिळाली. कॅमेरा हाती घेऊन जेमतेम वर्ष-दोन वर्षं झालेली! बाजारात दुकान थाटून बसलेल्या नवख्याला हे जमलं असतं? मला नाही वाटत. इथे गुणाइतकाच नशिबाचा आणि जागेचाही भाग आहे, हे कबूल करायला हवं. इंदुरात ब्रिटिश एजन्सी नसती तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

डेलींनंतर लेपेल ग्रिफिन आले. त्यांच्याबरोबर १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला दीनदयाल बुंदेलखंडात फिरले, आणि त्यातून मध्य भारतातल्या वास्तूंचा मोठा संग्रह झाला. इमारतींचे ते फोटो पाहिले की मागचा ड्राफ्ट्समन लगेच कळतो. रेषा सरळ, वजन नीट तोललेलं. माझं मत असं की पोर्ट्रेटमध्येही तेच आहे. खुर्ची, गालिचा, हाताची जागा, सगळं आधी कागदावर आखल्यासारखं. ज्या नोकरीतून सुटका हवी म्हणून आपण छंद धरतो, त्याच नोकरीची नजर छंदात उतरते. मीही फोटोत आधी कडा तपासतो, चेहरा नंतर. कोड रिव्ह्यूची सवय, दुसरं काय.

आणि सोडली कधी? कॅमेरा हाती आल्यावर दहाहून जास्त वर्षांनी. १८८० च्या दशकाच्या मध्याला आधी लांब रजा, मग निवृत्ती. तोवर व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे फोटोग्राफर म्हणून नेमणूक आणि हैदराबादच्या सहाव्या निजामाचा आश्रय मिळाला होता. दरम्यान कोरड्या जिलेटिनच्या तयार काचा बाजारात आल्या होत्या. सेकंदांचं काम क्षणात होऊ लागलं, फोटो आज काढून काच रात्री डेव्हलप करता येऊ लागली. म्हणजे माणूसही तयार होता, गिऱ्हाईकही, आणि तंत्रही. "उडी मारली" असं आपण म्हणतो, पण हा माणूस पायरी-पायरीने उतरला. ही गोष्ट आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "शहाणा होता." टीममधल्यांना ती अजिबात आवडली नाही.

पुढचा भाग भरभराटीचा. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ मध्ये मुंबई असे स्टुडिओ झाले. निजामाने 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मला त्यातली १८९२ ची एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला मिसेस केनी-लेविक या बाईंना नेमलं. पोर्ट्रेट काढून घ्यायला आधी समोरच्याला निर्धास्त वाटावं लागतं, बाकी लेन्स-बिन्स नंतर. माझ्याकडे फोटोला येणारी माणसं पहिली वीस मिनिटं ओठ आवळून बसतात, तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवून चहा टाकतो.

दीनदयाल १९०५ मध्ये गेले. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. त्यांच्या फोटोंवर खाली बऱ्याचदा नावाशेजारी एक आकडा दिसतो, तो त्या निगेटिव्हचा क्रमांक. हजारो काचा, आणि क्रमांकावरून हवी ती काढता येणार. एस्टिमेटर तो एस्टिमेटरच! त्यातल्या अडीच हजारांहून जास्त काचा आता दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.