एक्का हलका असला तरी

दहावीला मुक्त पतन शिकवताना मला पिसाच्या मनोऱ्याची गरज कधी पडली नाही. ठाण्याच्या पोरांना दहीहंडी पुरते, आणि तिच्या थरांवर सगळ्यात वर एकटा चढणारा एक्का. ‘सर, एक्का हलका असतो ना, मग तो हळू पडेल?’ हा प्रश्न दरवर्षी हमखास येतो. नाही पडत. वीस किलोचा एक्का आणि सत्तर किलोचा तळातला गडी एकाच उंचीवरून सुटले, तर एकदमच खाली येतात.

ठाण्यात हंडीला वजन आलं ते टेंभी नाक्यामुळे. तिथला उत्सव शिवसेनेच्या आनंद दिघ्यांनी मोठा केला. मग चौकाचौकात हंड्या लागल्या, बक्षिसं लाखांत गेली आणि थर चढत गेले. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यातच नऊ थर लावले. उंची ४३.७९ फूट, गिनीज बुकात नोंद. २०२५ मध्ये कोकण नगर पथकाने दहा थर लावले, तेही ठाण्यातच.

मधल्या काळात प्रकरण कोर्टात गेलं. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीला वीस फुटांची मर्यादा घातली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि २०१७ मध्ये ती उठली. उरली ती चौदा वर्षांची वयाची अट. पुढे सरकारने या खेळाला साहसी खेळाचा दर्जा दिला.

वीस फूट म्हणजे सहा मीटर. तेवढ्यावरून पडायला १.१ सेकंद लागतो आणि वेग होतो ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास. बारा मीटरवरून वेग पंचावन्न होतो, पण वेळ मिळतो तो फक्त अर्धा सेकंद जास्त. तेवढ्यात खालच्याने वर बघायचं कधी आणि हात पुढे करायचे कधी?

खरा घात पडण्यात नाही, थांबण्यात आहे. सहा मीटर पडलेला मुलगा रस्त्यावर दहा सेंटिमीटरांत थांबला, तर वजनाच्या साठपट धक्का. गर्दीच्या हातांवर मीटरभरात विसावला, तर सहा-सातपट. खाली गर्दी दाटलेली असते ती उगाच नव्हे. आयोजक मात्र तीच बॅरिकेडमागे ढकलतात, हे मला कधीच पटलं नाही.

एक्क्याला सुरक्षेचा दोर बांधलेला असतो, मान्य. पण तो ढिला सोडला, तर मीटरभर पडेपर्यंतच मुलगा ताशी सोळा किलोमीटरचा वेग घेतो आणि मग हिसका बसतो. आयोजकांनो, दोर ताणलेला ठेवा, आणि एकट्या एक्क्याला नको, त्याच्या खालच्या दोन थरांतल्या दुर्री-तिर्रीलाही बांधा.