कोकणचा पुरावा, इजिप्तच्या वाळूत

इजिप्त म्हटलं की डोळ्यांपुढे पिरॅमिड येतात, ममी येतात. कुडाळात बसून त्यावर काय बोलायचं, असं कुणालाही वाटेल. म्हणून आज आपण फेरो राजांना बाजूला ठेवू आणि बरंच पुढचं, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, रोमनांच्या ताब्यातलं इजिप्त बघू. कारण त्या इजिप्तच्या एका पुस्तकात आपला किनारा आहे.

‘पेरिप्लस’ हे ते पुस्तक. ग्रीक भाषेत लिहिलेली, तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची व्यापाऱ्यांसाठीची माहिती. लेखकाचं नाव ठाऊक नाही, पण इजिप्तचा उल्लेख तो स्वतःचा मुलूख म्हणूनच करतो. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके किंवा मायोस हॉर्मोस बंदरातून हिंदुस्थानकडे निघायचं तर जुलैत निघा, असं तो सांगतो. आता जुलै म्हणजे आपल्याकडे काय? होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, मासेमारी बंद. आजही सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. पण जुलैत तिकडून निघालेलं गलबत नैर्ऋत्य वाऱ्यावर इथे पोचणार ते सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावर, दर्या शांत झाल्यावर! आपले दर्यावर्दी जो हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले, तोच या ग्रीकानं लिहून ठेवला. परतायचं ते डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येच्या वाऱ्यावर.

हाच लेखक कल्याणच्या दक्षिणेला एकामागून एक बंदरं मोजत येतो. त्याची ग्रीक नावं नेमकी कोणत्या गावांची, यावर विद्वानांचे वाद आहेत. जयगड, विजयदुर्ग, मालवण ही नावं त्यात नेहमी येतात. पुढे तो ‘सेसेक्रेनाई’ नावाची बेटं सांगतो. काही अभ्यासकांच्या मते ती निवतीसमोरचे आपले वेंगुर्ला रॉक्स. आणि या टापूत चाचे आहेत, असा इशाराही तो देऊन ठेवतो. झालं! दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आपली ओळख काय, तर चाचे. पुढे इंग्रजांनीही मालवणच्या खलाशांना हेच नाव दिलं. आम्हाला यात व्यापाऱ्याची एक बाजू तेवढी दिसते. किनाऱ्यावरच्या माणसाला तो आपल्या पाण्यातला कर वाटत असेल, कुणी सांगावं.

आता मुद्दा असा, की किनाऱ्यावरच्या त्या माणसाचं आपल्याकडे उरलंय काय? जवळजवळ काहीच नाही. आपला पाऊस आणि आपली जांभ्याची माती लाकूड ठेवत नाही, दोर ठेवत नाही, शीड ठेवत नाही. कुडोपीची कातळशिल्पं राहिली ती दगडात होती म्हणून. उलट बेरेनिकेला पाऊस जवळजवळ नाहीच. १९९४पासून तिथे उत्खनन सुरू झालं आणि आपल्याकडच्या वस्तू वाळूतून निघू लागल्या. घरांच्या बांधकामात पुन्हा वापरलेलं सागवान. नारळाच्या करवंट्या. देवळाच्या आवारात पुरलेला भारतीय बनावटीचा मोठा रांजण, आत साडेसात किलो काळी मिरी. मिरी बहुधा मलबारची, तिच्यावर आपण हक्क सांगू नये. पण अलीकडे त्याच गावी सातवाहनांची दोन नाणीही मिळाली, आणि सातवाहन तर आपल्या घाटावरचेच.

आम्हाला सगळ्यांत जवळची वाटते ती मायोस हॉर्मोसला मिळालेली एक खापरी. त्या गावाचं आजचं नाव कुसेर अल-कदीम. खापरीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात काही नावं आणि खाण्यापिण्याच्या जिनसा लिहिल्या आहेत. हलक, विण्हुदत, नाकद. विण्हुदत म्हणजे विष्णुदत्त. नावांपुढे ‘चा’ या अर्थी ‘स’ लागतो, नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांतल्या लेखांत लागतो तसाच. कुठल्या बंदरातून गेले हे लोक? खापरी बोलत नाही. पण वाळवंटाच्या काठावर बसून कुणीतरी वाणसामानाची याद केली, आणि ती टिकली.

इकडे मात्र आपण मुलांना किनाऱ्याचा इतिहास १६६४पासून सांगतो, सिंधुदुर्गाच्या पायाभरणीपासून. महाराजांनी कुरटे बेट निवडलं ते उगाच नव्हे. त्या पाण्याची जाण इथल्या लोकांना आधीपासून होती, आणि ती किती जुनी हे शोधायला कुदळच मारावी लागेल. ‘तिकडचं’ मडकं आपल्या राज्यात मिळतच नाही असंही नाही. घारापुरीला मिळालंय, पार नेवाशालाही मिळालंय. जाड, दोन कानांचा, बुडाशी निमुळता रांजण. त्यातून दारू आणि तेल यायचं. भाजलेली माती पावसाला दाद देत नाही. तेव्हा निवती, वेंगुर्ले, आचरा या बाजूला कुणाच्या विहिरीच्या किंवा घराच्या पायाच्या खोदाईत असा जाड कान निघाला, तर तो भरावात टाकू नका. कुठे आणि किती खोल मिळाला ते लिहून ठेवा, फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.