पहिला अल्बम आणि त्याचा श्रोता

१९८८ साली ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या बँडचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला आणि चांगला खपला. भारतीय रॉकच्या इतिहासात या यशाची नोंद होते. परंतु यशस्वी नेमके काय झाले, हे सहसा तपासले जात नाही.

तोवर महाविद्यालयीन महोत्सवांत वाजणारे रॉक प्रामुख्याने पाश्चात्त्य गाण्यांचे अनुकरण असे. मूळ गाण्याशी जितके साम्य, तितकी दाद मोठी. १९८४ मध्ये स्थापन झालेला हा बँडही त्याच वाटेने आला होता. महेश तिनईकर यांची गिटार आणि उदय बेनेगल यांचा आवाज लाभलेल्या या बँडने पुढे स्वतःची गाणी रचली, आणि श्रोत्यांनी ती पैसे मोजून घेतली. नकलेला टाळ्या मिळतातच. स्वतःच्या रचनेला गिऱ्हाईक मिळणे ही वेगळी घटना होय.

मात्र रचना स्वतःची असली, तरी भाषा इंग्रजी होती आणि घाट परदेशी. देशीवादाचा आधार घेऊन हे संगीत मुळाविना आहे, असा निकाल चटकन देता येईल. तो घाईचा ठरेल. अरुण कोलटकरांनीही १९७०च्या दशकाच्या आरंभी इंग्रजीत गाणी लिहिली, काही ध्वनिमुद्रितही केली; त्यांचा अल्बम मात्र कधी निघाला नाही. अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकलेल्या या द्विभाषिक कवीला केवळ भाषेवरून परका कोण ठरवील?

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) येथून पाहिले, तर अधिक नेमकी कसोटी हाती येते. नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गावर हे गाव आहे. त्याच रस्त्याने पुढे तुकडोजी महाराजांची मोझरी लागते. महाराजांनी मराठीबरोबर हिंदीतही भजने रचली आणि खंजिरीच्या ठेक्यावर ती गावोगाव नेली. हिंदी ही इथल्या शेतकऱ्याच्या घरातली भाषा नव्हे. तरीही भजन त्याला आपले वाटले, कारण ते त्यालाच उद्देशून होते. तेव्हा प्रश्न भाषेचा कमी, संबोधनाचा अधिक आहे.

‘रेनेगेड’चा श्रोता शहरी, इंग्रजी शिकलेला तरुण होता. त्याच्यापुरते हे संबोधन खरे होते. त्याच्यापलीकडे ते गेले नाही. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्या नावात सिंधू नदी आली, आणि १९९५च्या अल्बममध्ये भारतीय वाद्यांचे रंगही दिसले. पण वाद्य बदलल्याने श्रोता बदलतोच असे नाही.

कवीच्या पहिल्या संग्रहाकडे पाहताना आपण ‘स्वतःचा सूर’ शोधतो. तो सूर कोणाच्या कानांसाठी लावला आहे, हेही त्याच वेळी विचारायला हवे.