बेथेलचे ‘तारण’ आणि पूर्वजांचा प्रश्न

गावाकडे ‘तारण’ म्हटले की पतपेढीत ठेवलेले दागिने आठवतात. मराठी ख्रिस्ती माणसासाठी मात्र हा शब्द त्याच्या धर्माचा कणा आहे. जालना जिल्ह्यात काम करणाऱ्या आपल्या तरुणांना तो वरचेवर कानावर पडतो, कारण कित्येक ठिकाणी आपली आणि ख्रिस्ती बांधवांची वस्ती एकच, आडनावे एक आणि पणजोबाही एकाच रांगेतले. तेव्हा हा विचार नेमका काय आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. ‘मिशनऱ्यांनी आमिष दाखवले’ एवढ्या एका वाक्यावर विषय संपवणे आम्हाला मान्य नाही. तेच वाक्य उद्या धम्मदीक्षेबद्दलही वापरले जाते.

ख्रिस्ती मतानुसार काळ चक्रासारखा फिरत नाही, तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. देवाने सृष्टी निर्माण केली, आदामाच्या आज्ञाभंगाने पाप आले आणि तेथूनच देवाची माणसाला सोडवण्याची योजना सुरू झाली. अब्राहामाला वचन मिळाले, मोशेच्या हातून इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले, संदेष्टे आले, मग येशूचा क्रूस आणि पुनरुत्थान. शेवटी त्याचे पुन्हा येणे आणि न्याय. पाचव्या शतकात ऑगस्टीनने साऱ्या मानवी इतिहासाची मांडणी याच रेषेवर केली. या रेषेवर क्रूसाची घटना एकदाच घडते, पण तिचे फळ मागच्या आणि पुढच्या दोन्ही काळांना मिळते.

येथेच अडचण उभी राहते. येशूच्या आधी मेलेल्यांचे काय? १६४७ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्याचे उत्तर असे, की क्रूसाचा लाभ जगाच्या आरंभापासून सर्व युगांतील निवडलेल्यांना मिळतो. अब्राहामाने पुढे येणाऱ्या तारणाऱ्यावर विश्वास ठेवला, म्हणून तोही तरला. पण ज्यांना ना वचन ठाऊक ना ख्रिस्त, ते आपल्या बुद्धीच्या उजेडात कितीही चांगले जगले तरी तरत नाहीत, असेही तोच विश्वासनामा सांगतो.

हा विश्वासनामा जालन्याला दूरचा नाही. तो स्कॉटिश प्रेस्बिटेरियन चर्चचा, आणि त्याच परंपरेतल्या फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात जालन्यात काम सुरू केले. शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला म्हणून खटला झाला, आणि त्याला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. सगळी मुंबई त्या एका मुलावरून ढवळून निघाली. पुढे निजामाच्या मुलखात जालन्याजवळ मांग आणि महार कुटुंबे शेषाद्रींच्या मागे गेली, तेव्हा त्यांना परत बोलवायला कोण आले होते? त्यांना आधी आत घेतलेलेच नव्हते.

या कुटुंबांसाठी शेषाद्रींनी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर गाव वसवले. नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. बायबलमध्ये घरातून पळालेला याकोब उघड्यावर दगडाची उशी करून झोपतो आणि त्याला स्वर्गापर्यंत गेलेली शिडी दिसते, ती ही जागा. वेशीबाहेर राहणाऱ्यांना हे नाव काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. शेती, शाळा आणि प्रार्थनेला सर्वांसोबत बसण्याची जागा हे त्यांच्यासाठी ‘तारण’च होते. ते मरणानंतरचे नव्हते, त्याच जन्मातले होते.

पण त्यांचे आजोबा? वेठबिगारी करत मेलेला तो माणूस त्या रेषेवर कुठेच नव्हता.

या प्रश्नाला दलित ख्रिस्ती विचारवंतांनीच हात घातला. महाराष्ट्रातून आलेले धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईश्वरशास्त्राची मांडणी केली. इस्राएल लोक आपल्या भटक्या पूर्वजाचे स्मरण करून देवासमोर उभे राहतात. मग दलित ख्रिस्ती माणसाने दुसऱ्यांचा पूर्वज का आठवावा? त्याने स्वतःचा, कमरेला झाडाची फांदी बांधून चालणारा पूर्वज आठवावा, असे निर्मल म्हणाले. त्यांच्या मते येशू स्वतःच दलित होता आणि आपल्या मुक्तीचे ‘निर्गम’ दलितांना स्वतःच्या इतिहासात शोधायचे आहे. आमच्या मते ही मांडणी प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने वाचावी. कॅथलिक चर्चनेही १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मान्य केले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही आणि जे सद्सद्विवेकाने जगले, तेही तरू शकतात.

बाबासाहेबांचा आक्षेप याहून मुळाशी जातो. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी दाखवले, की माणसाची दुर्दशा मूळ पापातून आली असे शिकवले तर तो समाजव्यवस्थेला जाब विचारत नाही, स्वतःलाच दोषी मानतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी तथागतांना मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. धम्मात कुणी कुणाला तारत नाही, त्यामुळे कुणी तारण्यावाचून राहून जाण्याचा प्रश्नही येत नाही.

तरी पूर्वजांचा प्रश्न बाबासाहेबांनी सोडला नाही. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यांचे पूर्वज बौद्ध होते असा सिद्धान्त मांडला. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा आपल्यासाठी घरवापसी नव्हे, पण परतणे निश्चितच आहे. बेथेलच्या नातवाने आजोबाला नव्या रेषेत बसवायचा प्रयत्न केला, आपण आजोबाची जुनी रेषा शोधून काढली.

दोघांमधला दुसरा फरक सरकारने केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलितांना मिळाला नाही. २०२२ साली केंद्राने या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. एका पणजोबाच्या दोन पणतवंडांपैकी एकाला जातीचा दाखला मिळतो, दुसऱ्याला नाही, आणि जात मात्र गाव दोघांनाही विचारते.