पुलाखालचं सिमेंट आणि महापालिकेचा पैसा

पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या भागातली काही पोरं स्केटबोर्ड घेऊन फिरतात. सोसायटीच्या पार्किंगमधून वॉचमन हाकलतो, बागेतून माळी हाकलतो, रस्त्यावर टेम्पोवाले शिव्या घालतात. परवा एका काकांनी विचारलं, "यांच्यासाठी स्केटिंग रिंक आहे की, तिकडे का नाही जात?" काका, रिंक सपाट असते, चाकांचे बूट घालून गोल फिरायला. स्केटबोर्डला उतार लागतात, कठडे लागतात, सिमेंटची वाटीसारखी खोलगट जागा लागते. ती बांधावी लागते आणि बांधायला पैसा लागतो. कुणाचा पैसा, हा प्रश्न जगात बऱ्याच ठिकाणी येऊन गेलाय. त्यातली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची गोष्ट मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते, म्हणून सांगतो.

आधी थोडी मागची हकिकत. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात स्केटपार्क होते, पण खाजगी, तिकीट काढून जायचे. 1976 साली कार्ल्सबाडला सुरू झालेला पार्क हा सुरुवातीच्या काळातला. मग कुणी पडलं, हात मोडला, मालकावर दावा लागला, असं होत गेलं. विम्याचे हप्ते मालकांना परवडेनात. दशक संपता संपता एकेक पार्क बंद पडायला लागले, काहींवर तर थेट बुलडोझर फिरला. पोरं रस्त्यावर आली. दुकानदारांच्या तक्रारी, पोलिसांचे दंड, जप्त झालेले बोर्ड. 'स्केटबोर्डिंग हा गुन्हा नाही' असे स्टिकर त्या काळात निघाले, ते काही उगाच नाही.

आता पोर्टलंड. ओरेगॉन राज्यातलं पावसाचं शहर. वर्षातले कितीतरी महिने जमीन ओली, म्हणजे स्केटबोर्ड घरात. 1990 साली तिथल्या काही पोरांनी बर्नसाइड पुलाच्या पूर्व टोकाखालची जागा हेरली. डोक्यावर पूल, म्हणून कोरडी. बाकी जागा कशी होती म्हणाल, तर आपल्याकडच्या उड्डाणपुलाखाली डोळ्यांसमोर आणा: कचरा, बाटल्या, सुया, आणि रात्री कुणी फिरकणार नाही अशी. पोरांनी पदरच्या पैशांनी सिमेंट आणलं आणि भिंत जिथे जमिनीला मिळते तिथे वळणदार उतार ओतला. परवानगी वगैरे काही नाही. मग दुसरा, मग तिसरा.

खरं तर महापालिका हे एका दिवसात उखडू शकत होती. पण आजूबाजूचे गोदामवाले आणि धंदेवाले पोरांच्या बाजूने उभे राहिले. कारण साधं होतं. पोरं दिवसरात्र तिथे असल्यामुळे चोऱ्या आणि गर्दुल्ल्यांचा त्रास कमी झाला होता. शेवटी शहराने मान्यता दिली. पुढे हीच जागा जगप्रसिद्ध झाली. 1999 च्या 'टोनी हॉक्स प्रो स्केटर' या व्हिडिओ गेममध्ये ती आली, आणि गस व्हॅन सँटच्या 2007 च्या 'पॅरानॉइड पार्क' सिनेमातही. तिथे सिमेंट ओतायला शिकलेल्या काहींनी पुढे स्केटपार्क बांधण्याच्या कंपन्याच काढल्या.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. 'बघा, तरुणांनी स्वतःच्या हिमतीवर करून दाखवलं, सरकारकडे हात पसरला नाही!' मला हे कौतुक ऐकलं की जरा धडकीच भरते. कारण नगरसेवकाच्या कानाला यातलं एकच वाक्य ऐकू येतं: पैसे द्यायची गरज नाही. बर्नसाइड शहराला फुकटात मिळालं. पण ते एकच होतं, आणि तेही अवघड. पट्टीच्या स्केटरांसाठी बांधलेलं. दहा वर्षांच्या नवशिक्या मुलीने तिथे शिकायचं कसं? तिला घरापासून चालत जाता येईल असा, कमी उतारांचा पार्क हवा, आणि तो कुणी रात्री चोरून सिमेंट ओतून बांधत नसतं.

मधे कॅलिफोर्नियात एक महत्त्वाची गोष्ट घडली. सगळ्या नगरपालिका एकच कारण द्यायच्या: पोरगं पडलं तर दावा आमच्यावर. स्केटबोर्डवाल्यांनी मग मोर्चे काढण्याऐवजी कायद्याचं कलमच धरलं. 1997 साली राज्याने कायदा केला आणि 1 जानेवारी 1998 पासून, 14 वर्षं किंवा त्याहून मोठ्या मुलाने सार्वजनिक पार्कात कसरती करताना स्वतःला इजा करून घेतली, तर नगरपालिकेला जबाबदार धरता येणार नाही असं ठरलं. बदल्यात हेल्मेट, कोपर आणि गुडघ्याचे पॅड सक्तीचे करायचे, तसा फलक लावायचा आणि झालेल्या इजांची नोंद ठेवायची. (ही नोंदीची अट मला फार आवडते. 'धोकादायक आहे हो' असं नुसतं म्हणायचं नाही, किती पडले ते मोजायचं.) त्यानंतर त्या राज्यात गावोगावी सार्वजनिक पार्क उभे राहिले. अडचण विम्याची होती आणि ती सुटल्यावर बाकीचं बरंचसं सुटलं.

परत पोर्टलंडला येऊ. 2002 साली तिथे उद्यानांसाठी मालमत्ता करावर ठरावीक वर्षांची जादा पट्टी लावायची का, यावर मतदान झालं. हो, लोकांना विचारून कर. लोकांनी हो म्हटलं आणि त्या पैशात स्केटपार्कचाही वाटा होता. त्याच सुमारास स्केटर आणि त्यांचे आईबाप एकत्र येऊन महापालिकेच्या बैठकांना बसायला लागले. हे काम किती कंटाळवाणं असतं ते वॉर्डाच्या सभेला गेलेल्यांना विचारा. शहराने सल्लागार समिती नेमली, जागा तपासल्या, शेजाऱ्यांच्या सभा घेतल्या. आवाज होईल, टवाळ पोरं जमतील, हे आक्षेप तिथेही होतेच. सेंट जॉन्स भागातल्या पिअर पार्कमध्ये 2006 साली पार्क झाला, मग आणखी काही. 2008 साली नगर परिषदेने अख्ख्या शहराचा आराखडा मंजूर केला: 19 जागा, त्यात कोपऱ्यावरच्या छोट्या जागा, मधल्या आकाराचे पार्क आणि शहराच्या मध्यभागी एक मोठा.

टाळ्या वाजवू नका. त्या 19 पैकी मोजकेच झाले. मध्यभागातला मोठा पार्क तर वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. आराखडा मंजूर झाला, पण प्रत्येक जागेसाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवलेले नव्हते. ज्या दोन-तीन जागांना करातून पैसा आधीच बांधलेला होता त्या उठल्या, बाकीच्या नकाशावर ठिपके बनून राहिल्या. 2002 चं मतदान आणि 2008 चा ठराव यात फरक हाच.

आपल्याकडे? माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली रहिवाशांनी पाठपुरावा करून बाग करून घेतली. नवी मुंबईत पुलाखाली बास्केटबॉल चालतं. 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगमध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हा सत्काराचे फ्लेक्स लावायला आपण कमी पडणार नाही हे मला माहीत आहे. पण पुण्यात 2006 पासून नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची सोय आहे आणि त्यातून बहुतेक बाकडी, पेव्हर ब्लॉक, दिशादर्शक पाट्या मागितल्या जातात. स्केटबोर्डसाठी चार उतार आणि एक कठडा मागणारा अर्ज मी तरी अजून पाहिलेला नाही.

यंदा आम्ही तो भरणार आहोत. 'जागा सुचवा' एवढ्यावर थांबायचं नाही, रक्कम आणि देखभालीचा खर्च दोन्ही लिहायचे, असं ठरवलंय. सिव्हिलमधलं कुणी असेल तर अंदाजपत्रक काढायला मदत लागेल. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घ्यायला सुरुवात झाली की तारीख इथेच टाकतो. पोरांनाही सोबत न्यायचंय, बोर्ड घेऊन.