दशावतार (दशावतारी नाटक)
सिंधुदुर्ग जिल्हा व लगतच्या गोव्यातील लोकनाट्यप्रकार. भातकापणी उरकली की कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. तेथे देवळापुढे रात्रभर तो रंगतो. यालाच ‘दहीकाला’ही म्हणतात, कारण पहाटे दहीहंडी फोडून खेळ संपतो. पूर्वरंगाला ‘आडदशावतार’ असे नाव आहे. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती व ब्रह्मदेव येतात. मग वेद चोरणारा शंकासुर. काळ्या वेशातला हा असुर अस्सल मालवणीत गावातल्या बड्यांचीही टर उडवतो, आणि लोक खरे तर त्याचीच वाट पाहत असतात. विष्णू त्याचा वध करतो. उत्तररंगात पौराणिक आख्यान असते. त्याची संहिता लिहिलेली नसते: कथानक ठरते, संवाद नट रंगमंचावर रचतात. मागे साधा पडदा, बसायला एक बाकडे. तेच राजाचे सिंहासन. साथीला पायपेटी, मृदंग, झांज. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. रंगरंगोटी व साडीचोळी प्रत्येक जण स्वतःच उरकतो. वालावलकर, मोचेमाडकर ही जुनी मंडळे. बाबी नालंग हे नामवंत कलावंत. अलीकडे ध्वनिक्षेपक व ‘ट्रिकसीन’ आले आहेत, पण हजरजबाबी नटाशिवाय आख्यान उभे राहत नाही.